बाबांचा हात थांबला पण सट्टापट्टी सुरू झाली, गोळीचा काही संबंध असते काय?

पांदणरस्ता (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून रायलो, लांबलं तर समजून घ्या.

आमच्या बाबांचं वय 63. सारी जिंदगी वावरात गेली, कापूस तूर सोयाबीन, दारूचा थेंब नाही, पोळ्याच्या दिवसात अर्धं गाव पत्त्यावर बसते पण हा माणूस कधी डावात बसलेला कोणी पाह्यला नाही. तीन वर्षांआधी उजवा हात थरथरायला लागला. काम करताना नाही बरं का, नुसता मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकावर फिरायचे, जशी कापसातली सरकी काढून रायले. मग चाल हळू झाली, चालताना उजवा हात हलेच ना. आणि बँकेतला तो दिवस मी नाही विसरत. विड्रॉलच्या फॉर्मवर सही करताना पहिलं अक्षर बरोबर आलं आणि पुढची लहान लहान होत शेवटचं मुंगीएवढं, काउंटरवरच्या पोरानं सही जुळत नाही म्हणून दोनदा फॉर्म परत दिला, मागं लाइन, आणि बाबा मान खाली घालून उभे.

नागपूरले दाखवलं. मेंदूच्या डॉक्टरनं पाच मिनिटं चालवून पाह्यलं, हात वाकवून पाह्यला आणि सांगितलं पार्किन्सन आहे, कंपवात. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सुरू झाली आणि खरं सांगतो पंधरा वीस दिवसात शर्टाची बटणं स्वतः लावली त्याइनं, माय चुलीपाशी बसून रडली. नंतर दिवाळीच्या टाइमाले दुसरी गोळी जोडली, प्रामिपेक्सोल. उन्हाळ्यात तिचा डोस वाढवला.

आता मुद्द्यावर येतो. पावसाळ्यापासून बाबा रोज संध्याकाळी स्टँडवर पायी जायला लागले. मी खूश, म्हटलं माणूस चालून रायला. मग धुवायच्या पँटच्या खिशातून सट्टापट्टीच्या चिठ्ठ्या निघाल्या. एक नाही, मूठभर. सोयाबीन विकलं तर अडत्याकडून 41 हजार मिळाले, घरी आले 26. विचारलं तर आधी खोटं बोलले, जे ते कधीच बोलत नव्हते, नंतर म्हणाले "मजा नाही येत रे मले, पण टाइम झाला की पाय आपोआप तिकडं जाते." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि एक गोठ. रात्री दोन अडीचला उठून बॅटरीचा फवारणी पंप खोलतात. बारदाना अंथरून एकेक नट, वॉशर, नोजल ओळीत लावतात, पुसतात, परत जोडतात, परत खोलतात. पंपाले काहीच झालेलं नाही.

गावात कोणी म्हणते बाहेरचं आहे, कोणी म्हणते बुढा म्हातारपणी बिघडला. माझा मोठा भाऊ तर बोलणंच सोडून बसला त्यांच्याशी. मले एवढंच समजून घ्यायचं आहे की ज्या गोळीनं हात थांबला तिचा आणि सट्ट्याचा काही संबंध असू शकते काय? आणि गोळी बंद करू काय? पुढची तारीख दीड महिन्यानं आहे.


काळी_माती

भाऊ सरळ बंद करा त्या गोळ्या. खाजकुयरीच्या बियांचं चूर्ण द्या, कवचबीज म्हणतात ते, आयुर्वेदात कंपवातावर तेच सांगितलं आहे. माझ्या मामाले फरक पडला. निसर्गातलं आहे, काही साईड इफेक्ट नाही.


मेडिकलवाला_भाऊ (तालुक्याचं ठिकाण)

पांदणरस्ता भाऊ, सगळ्यात आधी हे वाचा, बाकी नंतर: स्वतःच्या मनानं एकही गोळी एकदम बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवली तर अंग लाकडासारखं ताठरते, जोरात ताप चढते, जीवावर येऊ शकते. प्रामिपेक्सोल झटक्यात बंद केली तर घबराट, घाम, झोप नाही, मन एकदम खचून जाणं, असे प्रकार होतात. डॉक्टर ती पायरी पायरीनं उतरवतात.

आणि हो, संबंध आहे. चांगलाच आहे. वीस वर्षं झाली काउंटरवर बसून, ही गोष्ट पेशंटच्या घरच्यांना कोणी नीट सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटते, कारण गोळीच्या आतल्या कागदावर ती छापलेली असते पण ते बारीक इंग्रजी कोण वाचते.

लेव्होडोपा म्हणजे कच्चा माल, मेंदूत जाऊन त्याचं डोपामिन बनते, म्हणजे एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन, निरोप्याच म्हणा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या दुसऱ्या जातीच्या, यांचं डोपामिन बनत नाही, या स्वतःच डोपामिनच्या जागी जाऊन बसतात, दुसऱ्याच्या कुलपाला आपली किल्ली लावावी तशा. मेंदूत डोपामिनची कुलपं बऱ्याच प्रकारची आहेत, डी-1 पासून डी-5 पर्यंत, आणि या गोळ्यांचा ओढा डी-3 कडे जास्त. ही डी-3 कुठं दाट आहेत तर हव्यास, बक्षीस, ओढ याचं काम चालते त्या भागात. म्हणून हात सुधारता सुधारता काही पेशंटमध्ये जुगार, नुसती खरेदी, सारखं खात राहणं, नाहीतर कामवासना एकदम वाढणं असं दिसते. हे शेवटचं तर घरचे कोणाला सांगतच नाहीत, लाजेखातर.

2010 साली अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 पेशंटचा अभ्यास छापून आला होता. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत 17.1 टक्के लोकांना यातलं काही ना काही होतं, न घेणाऱ्यांत 6.9 टक्के. म्हणजे साधारण सहामागं एक. तुमचे बाबा एकटे नाहीत भाऊ, आणि ते बिघडलेले पण नाहीत.

पंपाचं सांगितलं ते तर पुस्तकातल्यासारखं आहे. त्याला पंडिंग म्हणतात, मूळ स्वीडिश बोलीतला शब्द. वस्तू खोलणं, ओळीत लावणं, परत जोडणं, तासन्‌तास. माणूस ज्या कामात मुरलेला असते तेच बहुतेक करते, शिवणकाम करणारी बाई बटणं लावत बसेल, तुमच्या बाबांनी जिंदगीभर पंप हाताळला म्हणून पंप. डॉक्टरला हे पण नक्की सांगा, जमलं तर रात्री मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या.

दीड महिना थांबू नका. ओपीडीला फोन करा, तारीख आधीची मागा.

आणखी एक, चक्कर आली म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटी झाली म्हणून मेटोक्लोप्रामाईड, अॅसिडिटीसाठी ती लेव्होसल्पिराईडवाली कॅप्सूल, हे सगळं आपल्याकडं चिठ्ठीशिवाय सहज मिळते. हे चारही मेंदूतली डोपामिनची कुलपं बंद करतात, म्हणजे तुमच्या गोळीच्या बरोबर उलट काम. पार्किन्सनच्या पेशंटला तर नकोच, आणि चांगल्या म्हाताऱ्या माणसालाही महिनोन्‌महिने दिलं तर थरथर, ताठरपणा सुरू होऊ शकते. माझ्याकडं एक आजी येत होत्या, हात थरथरतो म्हणून घरचे घाबरलेले, सात आठ महिन्यांपासून चक्करची गोळी चालू होती. मी त्यांना डॉक्टरकडं परत पाठवलं, गोळी बंद झाली आणि दोन अडीच महिन्यात थरथर गेली.


अकरावी_बायो (ज्युनिअर कॉलेजला शिकवतो)

मेडिकलवाले भाऊंनी फार महत्त्वाचं सांगितलं, गोळीच्या बाबतीत तेच ऐका. मी फक्त "असं कसं होते" ते सांगतो, कारण तुमच्या भावाला समजावायला ते लागेल असं वाटते.

मेंदूत साधारण 8,600 कोटी चेतापेशी. त्यातल्या डोपामिन बनवणाऱ्या किती, तर 4 ते 6 लाख. एवढ्याशा. बहुतेक मेंदूच्या मध्यभागी खाली दोन शेजारच्या वस्त्यांत राहतात. एक वस्ती दिसायलाच काळी आहे, सबस्टॅन्शिया नायग्रा, नावाचा अर्थच काळा पदार्थ. तिथून धागे वर स्ट्रायटम नावाच्या भागात जातात आणि हालचाल सांभाळतात. पार्किन्सनमध्ये याच काळ्या वस्तीतल्या पेशी मरतात, आणि हात थरथरायला लागेपर्यंत अर्ध्याच्या आसपास किंवा जास्तच गेलेल्या असतात. शेजारच्या वस्तीतले धागे बक्षिसाच्या, ओढीच्या भागाकडे जातात. ती वस्ती या आजारात बरीच शाबूत राहते. आता बघा, गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या मेंदूत जाते, तिला काही पत्ता लिहून देता येत नाही की फक्त हालचालीच्या भागात जा. एका वावरात पीक सुकलं म्हणून पाट फोडला, पण शेजारच्या वावरात आधीच ओल होती, तिथं पाणी साचलं. तुमच्या बाबांचं तेच झालं आहे असं मला वाटते, नक्की काय ते डॉक्टरच सांगतील.

हालचालीचं जरा सांगतो. आपल्याला वाटते की मेंदू हाताला "हल" म्हणतो आणि हात हलतो. तसं नाही. मेंदूच्या तळाचे हे भाग कायम कासरा ओढून बसलेले असतात, सगळ्या हालचाली रोखून. जी हालचाल पाहिजे तेवढ्यापुरता कासरा ढिला करणारा एक मार्ग आहे आणि नको त्या हालचालींवर कासरा अजून आवळणारा दुसरा. डोपामिन पहिल्या मार्गाला डी-1 मधून जोर देते आणि दुसऱ्याला डी-2 मधून दाबते, म्हणजे दोन्हीकडून बैलाला मोकळं करते. डोपामिन गेलं की कासरा ओढलेलाच. बैल धडधाकट आहे, चाकं ठीक आहेत, गाडी हलत नाही. म्हणून सहीची अक्षरं बारीक होत जातात आणि चालताना हात झुलत नाही. उलट डोपामिन फार झालं की शरीर आपोआप वळवळायला लागते, ते पण लेव्होडोपावरच्या जुन्या पेशंटमध्ये दिसते.

हे कळलं कसं त्याची गोष्ट मला फार आवडते, दरवर्षी वर्गात सांगतो. आपल्याकडची सर्पगंधा, तिच्या मुळ्या शेकडो वर्षं औषधात. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती ब्लडप्रेशरवर कशी चालते हे इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. मग तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. 1957 च्या सुमारास स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं तर ससे जागचे हलेनात, कान पाडून गोळा होऊन बसले. रेसर्पिननं मेंदूतली डोपामिनची साठवण रिकामी केली होती. त्यांनी एल-डोपा, म्हणजेच लेव्होडोपा, टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून फिरायला लागले. तोपर्यंत डोपामिन म्हणजे दुसरं रसायन बनवतानाचा मधला टप्पा एवढंच समजत. 1960 मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पार्किन्सननं मेलेल्या लोकांचे मेंदू तपासले तर स्ट्रायटममध्ये डोपामिन अगदीच कमी. पुढच्याच वर्षी पेशंटला एल-डोपाचं पहिलं इंजेक्शन. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. तुमच्या बाबांची गोळी आणि त्या सशांचं इंजेक्शन एकच.

काळी_माती भाऊ, खाजकुयरीचं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. 1937 मध्येच मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं होतं. पण म्हणूनच सांगतो, चूर्ण आणि गोळी यांची बेरीज होते. बीमध्ये किती आहे हे दर बियाण्याला वेगळं, आणि गोळीच्या मापात टाकलेलं कार्बिडोपा, जे एल-डोपाला वाटेतच न मोडू देता मेंदूपर्यंत पोचू देते, ते त्यात नाही. चूर्ण चालू असेल तर डॉक्टरपासून लपवू नका एवढंच.

आता बाबांच्या त्या वाक्याकडे येतो, "मजा येत नाही पण पाय जाते". मी ते दोनदा वाचलं. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं मोबाईलवर सगळीकडे फिरते, ते अर्धवट आहे. केंट बेरिज नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांवर काम केलं. डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी टाकलं तर तो आवडल्याचं तोंड करतो, जीभ फिरवतो. पण समोर खाणं ठेवलं तर तिकडे जात नाही, भरवलं नाही तर उपाशी मरेल. म्हणजे आवडणं वेगळं आणि ओढ लागणं वेगळं, आणि डोपामिन मुख्यतः ओढीचं काम करते. बाबांनी कुठलंही पुस्तक न वाचता तेच सांगितलं. त्यांना सट्टा आवडत नाही, त्यांना ओढ लागते.

हरूनही परत का जातात? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशी ऐकल्या. आधी फळाचा रस तोंडात पडला की पेशी जोरात चालायच्या. मग रसाआधी दिवा लावायची सवय लावली तर पेशी दिवा लागल्यावरच चालायला लागल्या, रस आल्यावर नाही. आणि दिवा लावून रस दिलाच नाही तर ठरलेल्या वेळेला पेशी गप्प. ती गप्प होणं म्हणजेच "फसलो, पुढच्या वेळी नको" हा धडा. पैसे हरल्यावर आपल्याला जे टोचते ते तिथून येते. आता गोळी कुलपात बसलेली असेल तर पेशी गप्प झाल्या तरी कुलूप उघडंच राहते. 2004 मध्ये मायकेल फ्रँक यांनी पार्किन्सनच्या लोकांची परीक्षा घेतली, गोळी घेतलेली असताना ते जिंकण्यातून छान शिकत होते पण हरण्यातून कमी, गोळीचा असर नसताना उलट. तुमच्या भावाला हे सांगा. बाबा तुमचं ऐकत नाहीत असं नाही, हरलेला आकडा त्यांच्या मेंदूला टोचतच नाही.


पांदणरस्ता

सर, मेडिकलवाले भाऊ, काय बोलू समजत नाही. उद्या सकाळी फोन लावतो.

दोन गोष्टी विचारतो. एक म्हणजे बाबांनी तीस वर्षं फवारणी केली, तोंडाले फडकं पण नाही, त्याच्यानं झालं असंल काय? आणि दुसरं माझंच आहे, मी दिवसाले चार पाच खर्रे खातो. तुम्ही दिव्याचं आणि रसाचं सांगतलं तर मले एकदम टपरी आठवली, तो खर्रा घोटतो ना पन्नीत, तो खरखर आवाज आला की तोंडाले पाणी सुटते, खाल्ल्यावर तेवढं काही वाटत नाही. हे तेच आहे काय?


अकरावी_बायो

खर्ऱ्याचं अगदी तेच आहे, तुम्ही माझ्यापेक्षा सोपं सांगितलं. तंबाखूतलं निकोटिन दुसऱ्या एका निरोप्याच्या, अॅसिटिलकोलिनच्या कुलपात बसते, आणि ती कुलपं त्या शेजारच्या वस्तीतल्या डोपामिन पेशींवरच आहेत. पन्नीचा आवाज म्हणजे तुमचा दिवा. सोडायचं मनात असेल तर काही दिवस टपरीचा रस्ताच बदला, आवाज कानावर येऊ देऊ नका, त्याचा उपयोग होतो.

फवारणीचं जपून सांगतो. एका माणसाकडे बोट दाखवून याला फवारणीनंच झालं असं कोणी म्हणू शकत नाही. पण पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक यांचा पार्किन्सनशी संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेची भेसळ झालेली पावडर टोचून घेतल्यावर थोड्याच दिवसात पुतळ्यासारखे गोठले. त्यात एमपीटीपी नावाचं रसायन होतं, त्यानं नेमक्या त्या काळ्या वस्तीतल्या पेशी मारल्या. शरीरात त्याचं जे रूप बनते त्याची घडण पॅराक्वाटशी मिळतीजुळती आहे.

मोनोक्रोटोफॉससारखी फवारणीची औषधं वेगळ्या वाटेनं जातात, ती अॅसिटिलकोलिन मोडू देत नाहीत, ते साचते, म्हणून विषबाधेत लाळ, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या, अंग फडफडणं, आणि दवाखान्यात अॅट्रोपिन टोचतात ते त्यासाठीच. 2017 ला आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली ती तुम्हाला मी सांगायची गरज नाही. मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा. तुम्ही तरी पाळा भाऊ.


सूनबाई_आर्वी

माझ्या सासऱ्यांना नऊ वर्षं झाली पार्किन्सनला, म्हणून लिहिते, मी काही शिकलेली नाही यातली, करून करून जे कळलं ते.

गोळी आणि जेवण एकत्र देऊ नका दादा. आमच्याकडं आधी वरणभातासोबतच द्यायचो आणि दुपारी असर होतच नव्हता, मामंजी खाटेवरून उठू शकत नसत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लेव्होडोपा आणि डाळीदुधातली प्रथिनं एकाच दारातून आत शिरतात, गर्दी झाली की गोळी मागं राहते. तेव्हापासून जेवणाच्या अर्धा तास आधी नाहीतर जेवण झाल्यावर तासाभरानं. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर ती पण दुसऱ्या टाइमाले. डाळ बंद नका करू, फक्त वेळ पाळा, आणि तुमच्या डॉक्टरला एकदा विचारून घ्या.

दारात पाय चिकटतात का हो बाबांचे? आमचे मामंजी उंबरठ्यापाशी आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे, ओढलं की पडायचे. ओढू नका कधीच. मी स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत चुन्याच्या आडव्या रेघा मारल्या, एकेका पावलाच्या अंतरानं, आणि माणूस रेघ ओलांडायची म्हणून पाय उचलते. आपोआप चालायचा रस्ता बंद झालेला असते, पण डोळ्यानं बघून चालायचा रस्ता मेंदूत दुसरा असते म्हणे. ठेक्याचं पण तसंच. आमच्याकडं तुकडोजी महाराजांच्या भजनाची खंजेरी आहे, सासूबाई ती वाजवतात आणि मामंजी त्या ठेक्यावर अंगणात फेऱ्या मारतात, रोज दहा मिनिटं. पाहणाऱ्याला खोटं वाटेल एवढा फरक.

पैशाचं स्पष्ट बोलते, राग नका मानू. डॉक्टर गोळी कमी करतील तोवर महिनाभर जाईलच. तेवढ्या दिवसात एटीएम कार्ड आईजवळ द्या, अडत्याला सांगा पैसे खात्यातच टाक, हातात नको. पण हे बाबांच्या पाठीमागून करू नका. त्यांना बसवून सांगा की ही गोळीची गोष्ट आहे. आमच्या मामंजींनी तीन महिन्यात अकरा टॉर्च विकत घेतले होते, दर बाजाराला एक. कोणी रागावलं की फळीमागं लपवायचे. जेव्हा कळलं की औषधानं होते तेव्हा त्यांनी स्वतः सगळे काढून माझ्यापुढं ठेवले, आणि खूप वेळ काही बोलले नाहीत.


काळी_माती

सर समजलं, मला वाटे निसर्गातलं म्हणजे वेगळंच काही. मामाले विचारलं तर तो चूर्णासोबत गोळ्या पण खाऊन रायला आणि डॉक्टरले सांगतलंच नाही. सोमवारी घेऊन जातो. पांदणरस्ता भाऊ मी जे बंद करा म्हटलं ते परत घेतो.


पांदणरस्ता

मंडळी, दोन महिन्यांनी लिहून रायलो, उशीर झाला, तूर काढणीत होतो.

फोन केला तर चौथ्या दिवशीची वेळ मिळाली. पंपाचा व्हिडिओ दाखवला, चिठ्ठ्या पिशवीत भरून नेल्या होत्या त्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टर बाबांकडं पाहून म्हणाले, काका हे तुम्ही नाही करत, औषध करते. बाबांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. प्रामिपेक्सोल चार पाच हप्त्यात थोडी थोडी उतरवत बंद केली आणि लेव्होडोपाच्या वेळा बदलून दिल्या. मधले दहा बारा दिवस लय वाईट गेले, घाम, बेचैनी, रात्रभर आंगणात फिरणं, मायशी चिडचिड. मेडिकलवाल्या भाऊनं आधीच लिहून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही, डॉक्टरले फोनवर सांगत रायलो.

आता तीन हप्ते झाले, स्टँडवर गेले नाहीत. परवा मी विचारलं, जावंसं वाटते काय, तर म्हणाले "आठवते, पण पाय नाही ओढत." पंप खुंटीले टांगला आहे. हात मात्र थरथरते पयल्यापेक्षा जास्त, दुपारी तीननंतर चाल पण मंदावते. बटणं कधी लागतात कधी नाही. डॉक्टर म्हणाले बसेल हळूहळू, पुढच्या वेळी पाहू. मले मोठ्या भावाचं सांगायचं होतं. सरांनी लिहिलेलं त्याले ओट्यावर बसून वाचून दाखवलं, सशाचं, माकडाचं, सगळं. त्यानं काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाची दाढी त्यानंच करून दिली.

सूनबाई ताई, रेघा मारल्या आम्ही पण. शेजारचे विचारतात हे कायचं, तर बाबाच सांगतात, माझ्या चालायच्या ओळी आहेत म्हणून. पण चुना दोन दिवसात पायानं पुसला जाते, तुम्ही ऑइलपेंट वापरला काय, आणि दोन रेघांत अंतर किती ठेवलं? आमचे बाबा उंच आहेत. अजून एक, बरीच वर्षं झाली ते झोपेत जोरानं ओरडतात, हातपाय झाडतात, एकदा स्वप्नात ढोर हाकलता हाकलता मायले लागलं. सर, याचा पण त्याच आजाराशी संबंध असते काय? 18 तारखेला जाऊन रायलो, सांगाल तर तेही कागदावर लिहून नेतो.